शांतारामबापू आणि भालजी : एका गावाच्या दोन वाटा

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा विषय निघाला की बोलणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष व्ही. शांताराम यांचे नाव घेतो आणि कोल्हापूरची कला पुण्या-मुंबईस व तेथून थेट बर्लिनपर्यंत नेणारा कर्तबगार पुरुष म्हणून त्यांचा गौरव करतो. दुसरा पक्ष भालजी पेंढारकरांचे नाव घेतो. मुंबईच्या झगमगाटाकडे पाठ फिरवून मराठी चित्रपट कोल्हापुरात जगविणारा निष्ठावंत म्हणून त्यांच्याविषयी आदराने बोलतो. हा वाद बहुधा एकाच मुद्द्यावर येऊन थांबतो : गाव कोणी सोडले आणि कोणी सोडले नाही? दोघांच्या चित्रपटांविषयी मात्र त्यात फारसे बोलले जात नाही.

वस्तुतः दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न आता निकालात निघालेला आहे. चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार दोघांनाही मिळाला. शांतारामबापूंना १९८५ सालचा, भालजींना १९९१ सालचा. विचार करण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. एकाच गावात वाढलेल्या, नात्याने एकमेकांशी जोडलेल्या आणि एकाच वातावरणात धंद्याची ओळख झालेल्या या दोन माणसांच्या चित्रपटांचे रूप इतके भिन्न का झाले? स्वभाव आणि विचारसरणी ही त्याची दोन कारणे नेहमी सांगितली जातात, आणि ती खोटी नाहीत. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तिसरे एक कारण दिसते. प्रत्येकाने आपला प्रेक्षक निवडला, म्हणजेच आपली बाजारपेठ निवडली. आणि त्या निवडीने त्याची शैली घडविली.

एकच उगम

दोन्ही वाटांचा उगम बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आहे. बाबूराव हे जातिवंत कारागीर होते. आपले सहकारी आनंदराव पेंटर यांच्यासह त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी कंपनीच्या भांडवलास हातभार लावला. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. रंगविलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे देखावे उभारणे, वेशभूषेची व प्रसंगांची रेखाटने आधी कागदावर काढणे, प्रकाशाचा विचार करून चित्रण करणे या गोष्टी बाबूरावांनी येथे रुजविल्या.

त्याच १९२० साली शांताराम राजाराम वणकुद्रे नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण कंपनीत दाखल झाला. पडेल ते काम त्याने केले. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये तो शेलारमामा झाला आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये कर्जात बुडून गाव सोडावे लागलेला शेतकरी. ज्याचे बंधू बाबूराव पेंढारकर त्याच कंपनीत काम करीत होते, त्या भालचंद्र गोपाळ पेंढारकर यांचाही हाच परिसर. मात्र त्यांचा पिंड लेखकाचा. शांताराम चित्रपटाकडे आला तो कारखान्याच्या दारातून, भालजी आले ते लेखणी घेऊन. हा फरक लहान वाटला तरी पुढे महत्त्वाचा ठरला.

आरंभीच्या काळात मात्र दोघांत भेदापेक्षा साम्यच अधिक दिसते. भालजींचा ‘वंदे मातरम् आश्रम’ (१९२६) ब्रिटिश परिनिरीक्षकांच्या कात्रीत सापडला. चार वर्षांनी शांतारामांच्या ‘स्वराज्याचे तोरण’ या शिवचरित्रपर मूकपटाला ‘उदयकाल’ हे नाव घ्यावे लागले. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली होती. नेताजी पालकराची कथा शांतारामांनी १९२७ साली मूकपटात आणली, भालजींनी १९३९ साली बोलपटात. एकाच विषयावर दोघांचाही हात चालत होता. तरीसुद्धा १९३९ पर्यंत दोघे एकमेकांपासून किती दूर गेले होते, हे त्याच वर्षी आलेल्या शांतारामांच्या ‘माणूस’कडे पाहिले की कळते. एकीकडे स्वराज्याचा सेनापती, दुसरीकडे एक साधा पोलीस आणि वेश्यावस्तीतील एक स्त्री. मधल्या बारा वर्षांत काय घडले?

दुहेरी चित्रपटाचे गणित

मधल्या काळात चित्रपट बोलू लागला. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली आणि १९३२ च्या फेब्रुवारीत ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रकाशित केला. मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. मधल्या पाट्या बदलल्या की तोच मूकपट लाहोरलाही चाले आणि मद्रासलाही. ध्वनी आला आणि बाजारपेठेचे तुकडे पडले. त्याच वेळी ध्वनिमुद्रणाची यंत्रे, आवाज आत न येऊ देणारी चित्रीकरणगृहे आणि गाऊ शकणारे नट यांमुळे निर्मितीचा खर्च वाढला. खर्च वाढला आणि गिऱ्हाईक आटले, अशी ही कोंडी होती.

‘प्रभात’ने तिच्यातून काढलेली वाट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चटकन समजेल. ‘अयोध्येचा राजा’ मराठीत झाला तसाच हिंदीतही झाला. राजवाडा एकदाच उभारायचा, वस्त्रे एकदाच शिवायची, कथेवर मेहनत एकदाच घ्यायची आणि प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित करायचा. पहिल्या भाषेचा चित्रपट सारा मोठा खर्च अंगावर घेतो. दुसऱ्या भाषेसाठी नटांचा वेळ, फिल्म आणि आणखी थोडेसे एवढाच वाढीव खर्च येतो. बाजारपेठ मात्र कितीतरी पटीने वाढते. १९३३ साली ‘प्रभात’ने कोल्हापूर सोडून पुणे गाठले, त्याकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. साऱ्या देशासाठी माल तयार करणाऱ्या कारखान्याला मुंबईच्या वितरकांच्या जवळ जाणे सोयीचेच होते. त्यात गावाशी द्रोह शोधण्याचे कारण नाही.

भालजींनी ही कोंडी दुसऱ्या बाजूने फोडली. त्यांच्या ‘श्यामसुंदर’ने १९३२ साली मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक मुक्काम करून दाखविला, तेव्हा मोठ्या शहराची त्यांना धास्ती होती असे म्हणता येणार नाही. पृथ्वीराज कपूर यांना घेऊन त्यांनी ‘महारथी कर्ण’ (१९४४) आणि ‘वाल्मिकी’ (१९४६) हे हिंदी चित्रपटही काढले. परंतु त्यांचे मन आणि त्यांचे मोठेपण मराठी प्रेक्षकांतच होते. ‘प्रभात’ गेल्यावर संस्थानाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोनची वास्तू पुढे ‘जयप्रभा’ या नावाने त्यांची कर्मभूमी झाली. बाजारपेठ वाढविण्याऐवजी त्यांनी खर्च आटोक्यात ठेवला. कथा स्वतःची, संवाद स्वतःचे, पुष्कळदा गीतेही स्वतःची. डोंगर, माळ आणि नदी दाराशी. आणि नट याच मातीतले. चंद्रकांत व सूर्यकांत हे मांढरे बंधू आणि सुलोचना यांच्यासारख्या कलावंतांना त्यांनी हाताखाली घडविले.

दृश्याची भाषा

आता या दोन हिशेबांचा कलेवर काय परिणाम झाला तो पाहू. जो चित्रपट दोन भाषांत बोलणार आहे, त्याचा आशय शब्दांवर फार टांगून ठेवता येत नाही. मराठीतील एखाद्या म्हणीची, शिवीची किंवा लाडक्या हाकेची खुमारी हिंदीत तशीच उतरत नाही. अशा दिग्दर्शकाला जे सांगायचे ते दोन्ही भाषांत सारखेच राहील अशा माध्यमातून, म्हणजे दृश्यातून, ध्वनीतून, वस्तूंतून सांगावे लागते. शांतारामांना मुळातच दृश्याची ओढ होती. दुहेरी चित्रपटाने ती ओढ ही गरज बनविली.

‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये राजगुरूचा क्रूरपणा चंद्रमोहनच्या पडदा व्यापून टाकणाऱ्या डोळ्यांनी सांगितला आहे. ‘कुंकू’ (१९३७) हे तर या पद्धतीचे सर्वोत्कृष्ट उदाहरण होय. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या या चित्रपटात म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मान्य करण्यास नकार देते. शांतारामांनी येथे पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले. जे ऐकू येते ते घरातलेच आवाज. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्याचे सरत आलेले आयुष्य मोजते. तो आपल्या मिशांना कलप लावतो आणि आरसा त्याला त्याचे वय दाखवितो. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या मुखातील संवाद उत्तम आहेतच, पण एकही शब्द न समजणाऱ्या परक्या प्रेक्षकालाही त्या घरातील गुदमर जाणवेल.

‘शेजारी’ (१९४१) मध्येही हेच दिसते. धरण बांधू पाहणाऱ्या कंपनीच्या कारस्थानामुळे गावातले दोन जुने मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान, एकमेकांचे वैरी होतात आणि शेवटी फुटलेल्या धरणाच्या लोंढ्यात एकमेकांचा हात धरून मरतात. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर मजहर खान यांनी रंगविला आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी. पाकिस्तानच्या ठरावाला जेमतेम वर्ष झालेल्या काळात केलेली ही भूमिकांची अदलाबदल कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलून गेली.

शब्दांचे सामर्थ्य

भालजींच्या चित्रपटांत कॅमेरा सहसा स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. तो माणसांसमोर अदबीने उभा राहतो आणि त्यांचे बोलणे ऐकतो. हे त्यांचे वैगुण्य आहे असे काही समीक्षक म्हणतात. परंतु ज्याला केवळ मराठी प्रेक्षकांशीच बोलायचे आहे, त्याने मराठी भाषेचे सारे भांडवल वापरू नये काय? ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटांतून शिवकाल पडद्यावर कसा बोलेल, याचा एक साचा भालजींनी मराठी मनात कायमचा बसविला. आज मालिकांतून आणि नव्या ऐतिहासिक चित्रपटांतून मावळे ज्या ढंगाने बोलतात, त्यावर भालजींच्या टाकसाळीचा ठसा दिसतो.

‘मीठभाकर’ (१९४९), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९) हे ग्रामीण चित्रपट मला त्याहून मोलाचे वाटतात. ‘साधी माणसं’मध्ये लोहाराचा भाता, ऐरण आणि त्यावर पोट भरणारे एक जोडपे आहे. जयश्री गडकर आणि सूर्यकांत यांचे बोलणे करवीर तालुक्यातील कोणत्याही गावच्या माणसाला आपले वाटावे असे आहे. संगीत ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांनी दिले. शहराने साध्या माणसाची केलेली फसवणूक हा या चित्रपटाचा विषय. ‘सावकारी पाश’मधील शेतकऱ्याचे दुःखच तेथे नव्या रूपाने परत आले आहे. आमच्या गडमुडशिंगीसारख्या गावात जुन्या पिढीच्या बोलण्यात आजही भालजींच्या चित्रपटांची नावे म्हणींसारखी येतात. चित्रपट संपल्यावर गावात मागे उरतो तो शब्द. शांतारामांचा चित्रपट डोळ्यांत राहतो, भालजींचा जिभेवर राहतो, असे थोडक्यात म्हणता येईल.

एक आक्षेप

यावर कोणी विचारील की, बाजारपेठ हीच जर शैली घडवीत असेल तर ‘संत तुकाराम’चे काय? दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट त्याच ‘प्रभात’ने १९३६ साली मराठीतच काढला, आणि तोच व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. आक्षेप रास्त आहे. त्यावरून एवढेच सिद्ध होते की, बाजारपेठ शैलीला वळण लावते, तिचा दर्जा ठरवीत नाही. देहू गावच्या माणसांत पूर्णपणे रमलेला चित्रपटही जगाला कळू शकतो. अगदी अलीकडे ‘सैराट’ने (२०१६) हाच अनुभव दिला. करमाळ्याकडच्या बोलीत बोलणारा हा चित्रपट इतका दूरवर पोचला की दोन वर्षांनी हिंदीला त्याची आवृत्ती काढावी लागली. शांतारामांचा मार्ग मोठा आणि भालजींचा लहान, हा समज या उदाहरणांपुढे टिकत नाही.

दोघांनी मोजलेली किंमत

प्रत्येक निवडीची किंमत असते. दोघांनीही ती मोजली. शांतारामांनी १९४२ साली ‘प्रभात’ सोडून मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि बर्लिन महोत्सवाचे पारितोषिक लाभले. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी तिची कथा रचली होती. पण पडद्यावर पाहताना तो माणदेश ओळखू येत नाही. ती भूमी कोठलीही असू शकते. सर्वांना समजावे म्हणून तिचा पत्ता पुसावा लागला. पुढे ‘नवरंग’ (१९५९) आणि त्यानंतरच्या रंगीत चित्रपटांत दृश्याची हौस आशयापेक्षा वरचढ होऊ लागली. ‘कुंकू’तील त्या कोंदट घराचा संयम पुन्हा क्वचितच दिसला. १९७२ साली ‘पिंजरा’ घेऊन ते मराठी तमाशाच्या फडाकडे वळले, तेव्हा मराठी प्रेक्षकाने त्यांना डोक्यावर घेतले, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भालजींनी मोजलेली किंमत अधिक कठोर होती. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा स्टुडिओ भस्मसात झाला, ‘मीठभाकर’ जळाला. त्यांनी तो पुन्हा काढला. पण कर्जाच्या ओझ्यातून ते मोकळे झाले नाहीत आणि पुढे ‘जयप्रभा’ची मालकी लता मंगेशकर यांच्याकडे गेली. लहान बाजारपेठेत एखादा चित्रपट पडला तर त्याचा तोटा भरून काढणारा दुसरा प्रदेश नसतो. कलेच्या बाजूनेही मर्यादा आल्या. त्यांच्या इतिहासात अभिमान पुष्कळ आहे, प्रश्न थोडे आहेत. शत्रुपक्षाची माणसे अनेकदा माणसे न राहता सोंगे होतात. ‘कुंकू’तील नीरा नवऱ्याच्या घरात उभी राहून ‘नाही’ म्हणते. भालजींच्या नायिका शूर आहेत, सोशिक आहेत, पण घराच्या चौकटीलाच आव्हान देणे त्यांना सहसा मानवत नाही. ओळखीच्या प्रेक्षकाची साथ मिळाली, तशी त्याच्या आवडीची वेसणही पडली. तरीही १९८१ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, ते ‘गनिमी कावा’ पूर्ण करतात, याला जिद्द म्हणतात.

वारसा कोणता?

पुण्यातील ‘प्रभात’च्या जागेत १९६० साली स्थापन झालेली चित्रपटशिक्षणाची संस्था आजही नव्या पिढीला धडे देते आहे. कोल्हापुरात मात्र ‘जयप्रभा’च्या विक्रीविरुद्ध कलावंतांना २०२२ साली साखळी उपोषणास बसावे लागले. त्यांची भावना खरी आहे, आणि ऐतिहासिक वास्तू जपल्याच पाहिजेत. परंतु भिंती राखल्या म्हणजे वारसा राखला, असे होत नाही. मोरेवाडीच्या माळावर शासनाने १९८० च्या दशकात चित्रनगरी उभारण्यास घेतली. जागा मिळाली, पण तेवढ्याने बाबूराव पेंटरांचा काळ परतला नाही.

मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की, एखादा धंदा एका ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या रुजला की त्याचे कसब कोणा एकाची मिरास राहत नाही, ते साऱ्या वस्तीचे होते. आमच्या गावावरून जो रस्ता हुपरीकडे जातो, त्या हुपरीत चांदीच्या कामाचे नेमके हेच झाले आहे. तेथील मूल ते काम पाहत पाहत शिकते. १९२० च्या कोल्हापुरात चित्रपटाचे तसे होते. झाडलोटीपासून शेलारमामाच्या भूमिकेपर्यंत सारे करीत एक मुलगा तेथे दिग्दर्शक झाला. सुतार, चित्रकार, गायिका, पहिलवान, लेखक एका छपराखाली आले, आणि त्यातून एकमेकांपासून इतके भिन्न दोन दिग्दर्शक निघाले. ज्या कार्यशाळेतून एकाच साच्याची माणसे बाहेर पडतात तिला मी फारशी किंमत देणार नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीची थोरवी हीच की तिने शांताराम दिला आणि भालजींनाही वाव दिला.

आज मोबाइलवर चित्रीकरण करणारे विद्यार्थी आमच्या महाविद्यालयांतून पुष्कळ आहेत. आपल्या बोलीत करावे की सर्वांना कळेल अशा हिंदीत, हा त्यांच्यापुढील प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीचाच आहे. त्याचे तयार उत्तर नाही. पण दोन्ही उत्तरे त्यांनी पाहिलेली तरी असावीत. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून एकदा ‘कुंकू’ आणि ‘साधी माणसं’ लागोपाठ दाखवावेत व त्यांवर मुलांना बोलते करावे. यास मोठा निधी लागत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. जे उरले आहे तेही न पाहताच आपण त्याचे पोवाडे गाऊ लागलो, तर शांतारामबापू आणि भालजी ही चौकाला द्यावयाची केवळ दोन नावे होऊन राहतील.